मावळा सहा सेंटिमीटरचा, मग लोहगड केवढा? दिवाळीच्या किल्ल्यात दडलेलं गुणोत्तर-प्रमाणाचं गणित

दिवाळी जवळ आली की वाकडमधल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली आणि बाल्कन्यांमध्ये किल्ले उभे राहायला लागतात. माती आता पोत्यानं विकत आणावी लागते, दगडांच्या जागी विटांचे तुकडे आले आहेत. पण हळीव पेरायचे, गेरू लावायचा आणि सगळ्यात शेवटी मावळे मांडायचे, हा क्रम अजून तसाच आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातले ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. वाकडहून सर्वात जवळचा म्हणजे लोहगड. तेव्हापासून किल्ल्यांबद्दलचं कुतूहल आणखी वाढलं आहे.

याच कुतूहलाचा उपयोग शाळेतला एक अवघड धडा शिकवायला होऊ शकतो. तो धडा आहे गुणोत्तर आणि प्रमाणाचा. हा विषय फक्त मार्कांपुरता नाही. फ्लॅटचा नकाशा, महापालिकेचा विकास आराखडा आणि चाकणच्या कारखान्यातलं ड्रॉइंग या तिन्ही गोष्टी वाचायला हेच गणित लागतं.

आधी एक साधा हिशोब

बाजारात मिळणारा मावळा साधारण ६ सेंटिमीटर उंच आहे असं धरू. खऱ्या माणसाची उंची १६८ सेंटिमीटर धरली, तर १६८ भागिले ६ म्हणजे २८. याचा अर्थ हा मावळा खऱ्या माणसाच्या २८ पट लहान आहे. गणिताच्या भाषेत त्याचं प्रमाण १:२८.

आता लोहगड घ्या. त्याचा विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी बाहेर गेलेली माची, साधारण १,५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. मावळ्याच्या प्रमाणात, म्हणजे १:२८नं ही माची बनवायची ठरवली, तर तिची लांबी होते जवळपास ५४ मीटर आणि रुंदी एक मीटरहून थोडी जास्त. डोंगर पायथ्यापासून ३०० मीटर उंच धरला, तर मॉडेलची उंची पावणेअकरा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे सोसायटीच्या इमारतीचे साडेतीन मजले.

उलट बाजूनंही बघता येईल. माची बाल्कनीत बसवायची असेल तर ती एक मीटर लांब करावी लागेल. मग प्रमाण झालं १:१५००. माचीची रुंदी २ सेंटिमीटर आणि डोंगर २० सेंटिमीटर उंच. आणि मावळा? तो उरतो जेमतेम १.१ मिलिमीटरचा. मोहरीचा एक दाणा ठेवला की झाला मावळा.

थोडक्यात, दिवाळीतला जवळपास प्रत्येक किल्ला दोन वेगवेगळ्या प्रमाणांत बनलेला असतो. मावळे एका प्रमाणात, डोंगर दुसऱ्याच. त्यात गैर काही नाही. सिंहासनावरची महाराजांची मूर्ती मावळ्यांपेक्षा मोठी असते तीही आदरापोटी, मोजमापापोटी नाही. पण 'हा मावळा तटबंदीपेक्षा उंच का दिसतोय?' असं एखाद्या मुलानं विचारलं, तर तिथून गणिताचा तास सुरू होऊ शकतो.

मुलं नेमकी चुकतात कुठे?

गुणोत्तराचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. जिथे गुणायचं असतं तिथे मुलं बेरीज करतात.

अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी १९७०च्या दशकात मुलांना एक प्रश्न घातला होता, तो आजही शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. 'मिस्टर शॉर्ट'ची उंची ४ बटणं आहे आणि 'मिस्टर टॉल'ची ६ बटणं. मिस्टर शॉर्टला पेपर क्लिपनं मोजलं तर तो ६ क्लिप भरतो. मग मिस्टर टॉल किती क्लिप भरेल?

बरोबर उत्तर आहे ९. कारण टॉल हा शॉर्टच्या दीडपट आहे. पण अनेक मुलं ८ सांगतात. त्यांचा हिशोब असा असतो: बटणांत दोनचा फरक आहे, तर क्लिपमध्येही दोनचाच असणार. हे उत्तर आळसातून येत नाही. लहानपणापासून बेरीज-वजाबाकीनंच जग मोजलेलं असतं, त्यामुळे दोन गोष्टींत 'फरक किती' हे आधी सुचतं आणि 'किती पट' हे नंतर.

फळ्यावर ही चूक दुरुस्त करणं कठीण जातं. शिक्षक 'चूक' म्हणतात, मूल उत्तर खोडतं, पण मनातला हिशोब तसाच राहतो.

मग मॉडेलनं काय फरक पडतो?

फ्रान्सचे गणित-शिक्षणतज्ज्ञ गी ब्रुसो यांनी यावर एक साधा उपाय शोधला. त्यांनी मुलांच्या गटांना कोड्याचे तुकडे दिले आणि तेच कोडं मोठं करून बनवायला सांगितलं. अट एकच. जी बाजू ४ सेंटिमीटरची आहे, ती नव्या कोड्यात ७ सेंटिमीटरची झाली पाहिजे. गटातल्या प्रत्येकानं आपापला तुकडा बनवायचा आणि शेवटी सगळे जोडायचे.

बहुतेक मुलांनी प्रत्येक बाजूत ३ मिळवले. तुकडे जोडायला गेले, तर ते जुळेचनात.

का जुळले नाहीत ते बघू. समजा, ४ आणि २ सेंटिमीटरच्या दोन बाजू शेजारीशेजारी आहेत आणि त्यांच्यासमोर ६ सेंटिमीटरची एक बाजू आहे. जुन्या कोड्यात ४ अधिक २ बरोबर ६, सगळं नीट बसतं. आता प्रत्येकात ३ मिळवा. एका बाजूला ७ अधिक ५ म्हणजे १२ झाले आणि समोर फक्त ९. तीन सेंटिमीटरचा फरक. त्याऐवजी प्रत्येक बाजू पावणेदोन पट केली, तर ७ अधिक ३.५ म्हणजे १०.५ आणि समोरही १०.५. तुकडे बरोबर बसतात.

इथे 'चूक' असं शिक्षकांना म्हणावंच लागत नाही. न जुळणारा तुकडाच ते सांगतो. मॉडेल बनवून शिकण्याची खरी ताकद यात आहे. मॉडेल सुंदर दिसतं हा त्याचा मुख्य फायदा नाही. चुकीचा हिशोब हातात दिसतो, हा आहे.

किल्ल्यातही हे सहज करता येतं. वर्गाचे चार गट करा. एकानं माची करायची, दुसऱ्यानं बालेकिल्ला, तिसऱ्यानं दरवाजे, चौथ्यानं तटबंदी. मापं खऱ्या किल्ल्याची द्यायची, प्रमाण सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि शेवटच्या दिवशी भाग एकत्र आणायचे. एका गटानं जरी वेगळा हिशोब धरला, तरी तटाला फट पडते.

शाळेत हे शिकवत नाहीत का?

शिकवतात, पण तुकड्यातुकड्यांत. राज्य मंडळाच्या गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांत सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण येतं. आठवीच्या भूगोलात 'नकाशाप्रमाण' हा वेगळा धडा आहे. नववीच्या बीजगणितात गुणोत्तर पुन्हा भेटतं आणि दहावीच्या भूमितीची सुरुवातच समरूपतेनं होते.

या चारही धड्यांमागची कल्पना एकच आहे. आकार लहान किंवा मोठा केला तरी त्याच्या भागांमधलं गुणोत्तर बदलत नाही. पण गणित वेगळे सर शिकवतात, भूगोल वेगळ्या मॅडम शिकवतात आणि मधे दोन-दोन वर्षांचं अंतर. त्यामुळे सहावीत शिकलेलं १:५० आणि आठवीच्या नकाशावरचं १:५०,००० ही एकाच घरची भावंडं आहेत, हे बऱ्याच मुलांच्या लक्षातच येत नाही.

एनसीईआरटीनं २०२५ मध्ये आठवीसाठी आणलेल्या 'गणित प्रकाश' या नव्या पुस्तकात प्रमाणाच्या विचारावर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे केवळ सूत्र देण्याऐवजी 'प्रमाणात विचार करायला' शिकवावं, याकडे अभ्यासक्रमही वळू लागला आहे.

त्याची गरज किती आहे हे 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२३' अहवालातून दिसतं. हा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा होता, त्यामुळे त्याचे आकडे वाकडसारख्या शहरी भागाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यातली एक गोष्ट बोलकी आहे. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली तेव्हा जवळपास ८५ टक्के मुलांना तिची लांबी सांगता आली. तीच वस्तू शून्याऐवजी दुसऱ्या आकड्यापासून ठेवली, तेव्हा हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं.

म्हणजे पट्टी वापरता येते, पण मोजणं म्हणजे काय ते उमगलेलं नाही. मॉडेल बनवताना पट्टी दर वेळी शून्यापासून लावता येत नाही. कधी कोपरा आड येतो, कधी भिंत. त्या गडबडीतच मोजायची सवय लागते.

दोन प्रमाणं वापरली तर मॉडेल चुकीचं ठरतं?

नेहमीच नाही. याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्या, धरणं आणि बंदरांची मॉडेल्स बांधून त्यांतून पाणी सोडलं जातं आणि खऱ्या प्रकल्पात काय होईल याचा अभ्यास होतो. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था या कामासाठी ओळखली जाते.

धरणाच्या सांडव्याचं मॉडेल सगळ्या बाजूंनी एकाच प्रमाणात केलं जातं. पण लांबलचक नदीचं मॉडेल करताना अडचण येते. नदी रुंद असते आणि त्या मानानं उथळ. समजा, ४०० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल पात्र १:४०० प्रमाणात केलं, तर रुंदी एक मीटर होईल, पण खोली फक्त एक सेंटिमीटर. इतक्या पातळ थरात पाणी खऱ्या नदीसारखं वाहत नाही. म्हणून अशा वेळी उभं प्रमाण मुद्दाम वेगळं ठेवलं जातं. त्याच पात्राला उभं प्रमाण १:८० दिलं, तर खोली ५ सेंटिमीटर मिळते.

फरक असा की तिथल्या अभियंत्यांना आपण कुठलं प्रमाण बदललं आणि का, हे माहीत असतं. निकाल काढताना ते त्याचा हिशोब धरतात. मुलांनीही किल्ल्याशेजारी एक पाटी लावली, 'डोंगर १:१५००, मावळे १:२८', तर तो किल्ला गणिताच्या दृष्टीनंही प्रामाणिक होतो.

लांबी दहापट कमी, मग पाणी किती कमी?

मॉडेलमधून कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ एकाच वेगानं बदलत नाहीत. वाकडकरांना हे समजून घ्यायला पाण्याच्या टाकीसारखं उदाहरण नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि टँकर हा अनेक सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या चर्चेतला नेहमीचा विषय आहे.

समजा, एका सोसायटीची जमिनीखालची टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे. तिच्यात ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर. आता याच टाकीचं १:१० प्रमाणात पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, तर त्यात किती पाणी मावेल?

'पाच हजार लिटर' हे उत्तर पटकन तोंडावर येतं. खरं उत्तर आहे ५० लिटर, म्हणजे वीस लिटरच्या अडीच बादल्या. कारण लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दहापट कमी झाल्या. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे पाणी हजारपट कमी.

हे उलटंही लागू होतं. टाकीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पाणी दुप्पट होत नाही, आठपट होतं. खर्चाचे अंदाज बघताना हा फरक माहीत असलेला बरा.

क्षेत्रफळाचंही असंच. १:१०० प्रमाणाच्या नकाशावर एक चौरस मीटर जागा बरोबर एक चौरस सेंटिमीटर होते. ७० चौरस मीटरचा फ्लॅट ७० चौरस सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे खेळायच्या पत्त्यापेक्षा जरा मोठा. नकाशा १:५० केला, तर तोच फ्लॅट कागदावर दुप्पट नाही, चौपट जागा घेतो.

मोठेपणी याचा उपयोग काय?

घर घेताना: ब्रोशरमधल्या नकाशात डबल बेड, सोफा, डायनिंग टेबल सगळं ऐसपैस बसलेलं दिसतं. पट्टी घ्या. खोलीची लिहिलेली लांबी आणि कागदावरची लांबी यांवरून प्रमाण काढा, मग त्याच प्रमाणात बेड किती फुटांचा काढलाय ते मोजा. सव्वासहा फुटांचा बेड कागदावर पाच फुटांचा निघाला, तर प्रत्यक्षात खोली तेवढी मोकळी राहणार नाही.

विकास आराखडा बघताना: मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं सुधारित विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यावर हजारो हरकती आल्या. कुठून रस्ता जातोय, कुठे आरक्षण पडलंय हे नकाशाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून लोक एकमेकांना विचारत होते. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नकाशावर १:५००० लिहिलेलं असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर. पण हे फक्त मूळ आकाराच्या कागदावर खरं असतं.

तोच नकाशा ए-३ ऐवजी ए-४ कागदावर बसवून छापला की लांबी सुमारे ७१ टक्के होते. आता एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ७० मीटर, पण कोपऱ्यात अजूनही १:५००० च लिहिलेलं. मोबाईलवर झूम केल्यावर तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. अशा वेळी कामी येते ती नकाशावर आखलेली प्रमाणाची रेषा, जिच्यावर ०, १००, २०० मीटर अशा खुणा असतात. नकाशा लहान-मोठा झाला की ती रेषाही तेवढीच लहान-मोठी होते. आठवीच्या भूगोलात शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण असे जे तीन प्रकार आहेत, त्यातला तिसरा प्रकार व्हॉट्सॲपच्या काळात सगळ्यात उपयोगाचा ठरतो.

कारखान्यात काम करताना: भोसरी ते चाकण या पट्ट्यात एका गाडीचे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनतात आणि शेवटी एका ठिकाणी जुळतात. ब्रुसोंच्या कोड्यासारखंच, फक्त इथे चूक महागात पडते. आयटीआयच्या अनेक ट्रेडमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशन हे विषय असतात ते यासाठीच. ड्रॉइंगवर १:२ म्हणजे भाग निम्म्या आकारात काढलाय, २:१ म्हणजे दुप्पट. हे उलटसुलट वाचलं की सगळा हिशोब फिरतो. आणि अनेक ड्रॉइंगवर 'प्रिंटवर पट्टी लावून माप घेऊ नका, लिहिलेलंच माप धरा' अशी सूचनाही असते. कारण वरचंच. कागद छापताना आकार बदलू शकतो.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. एक मॉडेल नीट करायला चार-पाच तास सहज जातात आणि अभ्यासक्रम संपवायची घाई असते.

दुसरी अडचण मार्कांची. शाळेच्या प्रोजेक्टला आणि सोसायटीच्या किल्ले स्पर्धेला बक्षीस मिळतं ते देखणेपणाला. मग काम आई-बाबा करतात किंवा तयार वस्तू येते. प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात, स्टेशनरीच्या दुकानात तयार घरंही मिळतात. अशा मॉडेलमध्ये मुलाच्या वाट्याला फक्त रंग उरतो.

तिसरी अडचण सर्वात महत्त्वाची. मॉडेल बनवलं म्हणजे गुणोत्तर आपोआप समजतं असं नाही. '१२ सेंटिमीटरची पट्टी कापा, ६ सेंटिमीटरचा दरवाजा करा' असं शिक्षकांनीच सांगितलं, तर मुलं शिकतात कापाकापी. खरी मापं मुलांच्या हातात देऊन प्रमाण त्यांनाच ठरवू दिलं, तरच गणित होतं.

खर्च मात्र अडचण ठरू नये. पुण्याच्या 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञान शिकवण्याची खेळणी लोकप्रिय केली. इथेही जुने पुठ्ठे, वर्तमानपत्र, दोरा आणि पट्टी पुरते.

या दिवाळीत घरी काय करता येईल?

किल्ला नेहमीसारखाच करा. फक्त मुलांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहायला सांगा.

१. आपला मावळा खऱ्या माणसापेक्षा किती पट लहान आहे?

२. त्याच प्रमाणात दरवाजा किती उंच हवा? हत्ती आत यायचा असेल तर?

३. खरा किल्ला या जागेत बसवायचा तर प्रमाण किती घ्यावं लागेल? मग मावळा केवढा होईल?

४. आपण कुठली गोष्ट मुद्दाम मोठी केली आणि का?

सोसायटीच्या स्पर्धेत परीक्षकांनी यातला एखादा प्रश्न विचारला आणि उत्तराला दहापैकी दोन जरी गुण ठेवले, तरी पुढच्या वर्षी किल्ल्याच्या मातीशेजारी पट्टी आणि पेन्सिलही दिसायला लागेल.